थोरल्या वादळाची सोलो कारकीर्द

२ जानेवारी
आजपासून डायरी. कालपासूनच सुरू करणार होतो, पण पेन सापडलं नाही. सापडलं तेव्हा त्यात शाई नव्हती. ही डायरी कुणालाही दाखवायची नाही. स्वतःशी खरं बोलायचं, बस्स.
संकल्प: साखर बंद. गुडघ्याचा व्यायाम दोन्ही वेळ. आणि या वर्षी सोलो. जोडीत कुस्ती खेळून सोळा वर्षं झाली, आता पुरे. पोस्टरवर 'वादळ ब्रदर्स' छापतात, पण लोक त्यातल्या कुणासाठी तिकीट काढतात ते मी माझ्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही.
चहात एकच चमचा घातला. एकदम बंद केलं तर शरीराला धक्का बसतो.

५ जानेवारी, सकाळ
काल मॅच होती. शाळेचा हॉल, पहिल्या मजल्यावर. आमच्या कंपनीत रिंग लावायला वेगळी माणसं नाहीत. ज्यांनी आपटून घ्यायचं त्यांनीच आधी फळ्या वाहायच्या. मोठ्या फळ्या नेहमीप्रमाणे मी आणि धाकट्या. जिन्यावर तो खालून, मी वरून. वरच्याचं काम डोक्याचं असतं. वळण कुठे, दिव्याची वायर कुठे लोंबतेय, सगळं बघावं लागतं. खालच्याने नुसतं धरायचं असतं.
धाकट्या म्हणजे माझा जोडीदार. रिंगमधला माझा धाकटा भाऊ. प्रत्यक्षात आमचं काही नातं नाही, आणि वयाने तो माझ्याहून मोठाच आहे. पण पोस्टर काढायच्या दिवशी थोरला कोण होणार असं विचारल्यावर मी आधी बोललो. तेव्हापासून तो मला दादा म्हणतो, रिंगबाहेरसुद्धा. हिला वहिनी म्हणतो. ही त्याला भावजी म्हणते आणि घरी आला की माझ्याआधी त्याच्या हातात कप देते.
मॅच उत्तम झाली. आमची मॅच कशी असते ते एकदा लिहून ठेवतो. आत एका वेळी एकच. दुसऱ्याने दोरीबाहेर आपल्या कोपऱ्यात उभं राहायचं, खांबाला बांधलेली वीतभर दोरी हातात धरून. आतल्याने सरपटत येऊन बाहेरच्याच्या हाताला हात लावला की बदली. आधी धाकट्या आत जातो. समोरचे दोघे त्याला आळीपाळीने बडवतात, खांद्यावरून आपटतात, दोरीत अडकवतात. तो माझ्याकडे सरपटत येतो, मी हात पुढे करतो, आणि बोटं लागणार तेवढ्यात त्याला पाय धरून मागे ओढतात. लोक हळहळतात. असं बराच वेळ. शेवटी एकदाचा हात लागतो आणि मी आत उडी मारतो. दोन मिनिटांत दोघेही आडवे. काल लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. बायका खुर्चीवर उभ्या राहिल्या.
हा जो आवाज होतो तो माझा आहे. धाकट्या आत असतो तेव्हा नुसतं अरेरे. त्यालाही हे समजत असणार. बिचारा बोलत नाही.
निकाल आधी ठरलेला असतो हे खरं. पण आपटणं खरं असतं. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही.

९ जानेवारी
व्यायाम केला नाही. फरशी गार होती. गार फरशीवर गुडघा टेकवणं म्हणजे मूर्खपणा. ही म्हणाली की सतरंजी घाला. सतरंजीवर पकड मिळत नाही, हे तिला कोण सांगणार?

१३ जानेवारी
मालकांनी ऑफिसात बोलावलं, दोघांनाही. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची खोली. सगळ्या कागदांना रबराचा वास. मालक इकडचं तिकडचं बोलले, पंखा लावला, बंद केला, मग म्हणाले की पुढच्या सीझनपासून जोड्यांच्या मॅचेस बंद. एका मॅचसाठी चार पहिलवान नेणं आता जमत नाही. एकास एक खेळवायचं. तुमच्यातला एक ठेवता येईल, मार्चअखेर काय ते नक्की करू.
हे सगळं सांगताना ते धाकट्याकडे बघत होते. साहजिक आहे. ज्याला वाईट बातमी द्यायची असते त्याच्याकडेच माणूस बघतो.
खाली उतरल्यावर धाकट्याने विचारलं, दादा, चहा घेणार का? मी हो म्हटलं. दोन चमचे. प्रसंगच तसा होता.

१४ जानेवारी
मन स्थिर नाही. एकीकडे आनंद. दुसरीकडे धाकट्या. त्याला दुसरं काही येत नाही. मला तरी काय येतं असं ही म्हणाली, पण तो मुद्दा वेगळा. मला बोलता येतं, माझी एंट्री आहे, चेहरा आहे. धाकट्याला फक्त पडता येतं. एकटा पडून पडून किती पडणार?
ठरवलं: त्याला मीच हळूच समजावून सांगायचं. वाक्यं तयार केली. 'हे बघ, प्रत्येकाची एक जागा असते.' पुढचं सुचलं की लिहितो.

२१ जानेवारी
सोलो पहिलवानाला माईक हातात घेऊन बोलावं लागतं. बाथरूममध्ये सराव केला. आवाज घुमतो, अंदाज येतो. 'आलं रे आलं, वादळ आलं!' असं सुरू करून पुढे दणकून बोललो. शेजारच्या काकू येऊन हिला विचारून गेल्या की घरात सगळं ठीक आहे ना. हिने सांगितलं की नळ बिघडलाय.
घरातून पाठिंबा नाही. नोंद करून ठेवतो.

२८ जानेवारी, व्हॅनमध्ये
अक्षर हलतंय, रस्ता खराब.
धाकट्याचं वागणं बदललंय. हाक मारली तर मान वळवून बघत नाही. कमरेपासून सबंध अंग वळवून बघतो, एखाद्या कपाटासारखा. पाणी पितानासुद्धा मान मागे न करता बाटलीच तिरकी करतो. मला वाटतं त्याला अंदाज आलाय, आणि त्याने मनाने अंतर ठेवायला सुरुवात केली आहे. वाईट वाटलं. त्याला माझं अर्धं केळं दिलं.

२ फेब्रुवारी
कालच्या मॅचमध्ये तो कोपऱ्यापर्यंत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होता. मी हात पुढे करून करून खांद्याला रग लागली. मॅचनंतर त्याला तसं सांगितलं. तो सॉरी म्हणाला. बर्फाची पिशवी मागितली, मी माझ्या खांद्यावरची काढून दिली. माझा मोठेपणा मीच लिहायचा म्हणजे कसं तरीच वाटतं.

६ फेब्रुवारी
फसवणूक म्हणावी की काय म्हणावं!
मी आज त्याला सांगणारच होतो. सगळं पाठ होतं. हॉलच्या मागच्या पायरीवर बसलो, मी घसा खाकरला, आणि तो आधीच बोलला. म्हणाला, दादा, मी थांबतोय. मानेचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले की आता एकदा जरी वाकडं पडलात तरी हात उचलणार नाही. या महिन्याची शेवटची मॅच खेळतो आणि मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानात बसतो.
मी म्हटलं, अरे, गाद्यांच्या दुकानात? तो म्हणाला की आयुष्यभर फळ्यांवर पडलो, आता जरा मऊ बघू. आणि हसला. हसतानाही मान हलली नाही.
माझी वाक्यं वाया गेली. असो. प्रश्न आपोआप सुटला. मालकांना आता माझ्याशिवाय पर्याय नाही. म्हणजे तसाही नव्हता.

७ फेब्रुवारी
हिला सांगितलं. ती रडली. मला वाटलं माझ्या सोलोच्या आनंदाने. तर म्हणे भावजींच्या मानेसाठी.
वर एक नवीनच काढलं. तिला धाकट्याच्या बायकोने सांगितलं म्हणे की मालकांनी गेल्या वर्षीही त्यालाच सोलोला विचारलं होतं आणि या वर्षीही आधी त्यालाच विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला की दादाशिवाय नाही. आणि आता थांबताना मालकांना सांगून आला की दादाला तीन मॅच तरी द्या, मग काय ते ठरवा.
दोघी मिळून काहीही जुळवतात. विचारलं असेलही, पण ते रीत म्हणून. लहानाला आधी विचारतात. आणि तीन मॅचचं काय, ती तर साधी फॉर्मॅलिटी.
तरी झोप नीट लागली नाही. गुडघा.

२४ फेब्रुवारी
काल वादळ ब्रदर्सची शेवटची मॅच. हॉल अर्ध्याहून जास्त भरला होता. लोकांना काही सांगितलं नव्हतं.
धाकट्याने कसलीही काटकसर केली नाही. मी बाहेरून हळूच म्हणत होतो की अरे पुरे, आता ये. तो पडतच होता. समोरचे दोघेसुद्धा त्याला खाली ठेवल्यासारखं टाकायला लागले, तर त्यांच्यावरच डाफरला. शेवटी सरपटत आला. हात लावला. एरवी नुसती चापट असते. काल त्याने हात जरा वेळ धरून ठेवला. मी म्हटलं, सोड, मला आत जायचंय.
आवाज तर असा झाला की काय सांगू. मी दोघांना आडवं केलं. मागे वळून बघितलं तर तो कोपऱ्यात दोरीला पाठ लावून बसला होता आणि टाळ्या वाजवत होता, हात छातीशी धरून, हळू.
मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण कुणी वाचणार नाही. ही म्हणाली डोळे लाल दिसतात. हॉलमध्ये धूळ होती.

१ मार्च
सोलोची तयारी. रिंगमध्ये घालायच्या जॅकेटच्या पाठीवर 'वादळ ब्रदर्स' शिवलेलं होतं. हिने बसून 'ब्रदर्स' उसवलं. आता 'वादळ' डाव्या बाजूला आलंय आणि उजवी पाठ रिकामी. टाक्यांच्या खुणा राहिल्यात, उजेडात वाचता येतात. मी म्हटलं नवीन शिवू. ती म्हणाली आधी तीन मॅच होऊ द्या.
फळ्या वाहायला आता माझ्याबरोबर शिडी. शिडी म्हणजे नवीन आलेला उंच गडी. मला काका म्हणतो. मी जिन्यावर वरची बाजू धरली तर म्हणाला, काका, आळीपाळीने घेऊ. हल्लीच्या पोरांना शिस्त नाही. मी गुडघा दाखवला.

५ मार्च
पहिली सोलो मॅच. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे सुधारणा करता येतील. सुधारणा अर्थात हॉलमध्ये.
समोर शिडीच होता. घंटा झाली. मी उडी मारून आत गेलो आणि नेहमीची सगळी हत्यारं काढली. दोन हातांचा तडाखा, दोरीवरून झेप, गरगर फिरवून आपटणं. दोन मिनिटांत शिडी आडवा.
शांतता. मागे कुणाच्या तरी हातातल्या पिशवीचा आवाज ऐकू येत होता. एक माणूस खोकला.
मी हात वर करून उभा. लोक बघतायत की हा का हात वर करतोय! आणि मॅच बारा मिनिटं खेळायची होती. माझ्याकडचं सगळं संपलेलं. शिडी पडल्या पडल्या विचारतोय, काका, पुढे काय? मी म्हटलं, सुचतंय, पडून राहा. शेवटी तो कंटाळून उठला आणि नाइलाजाने मला मारायला लागला.
हॉल वाईट होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर माणूस मोकळेपणाने ओरडत नाही. शिवाय फळ्या. आपल्या फळ्या इतक्या कडक कधी झाल्या? मालकांना म्हटलं की पाठीचं पार पीठ झालं, खाली नवीन फोम घाला. मालक म्हणाले, फळ्या त्याच आहेत, फोम तोच आहे, तुम्ही नवीन आहात.
याचा अर्थ मला लागला नाही. कौतुक असावं.

८ मार्च
धाकट्याचा फोन. मॅच कशी झाली विचारलं. मी म्हटलं, जोरदार. तो म्हणाला, दादा, आधी थोडा मार खात जा, एकदम जिंकायला जाऊ नका, लोकांना आधी काळजी वाटू द्या. गादी विकणारा मला कुस्ती शिकवतोय! तरी बोललो नीट. त्याच्या मानेला पट्टा लावलाय म्हणे, गिऱ्हाइकं सहानुभूतीने जाड गादी घेतात.
साखरेचा हिशेब ठेवणं सोडलं. एका वेळी एकच आघाडी लढावी.

१२ मार्च
दुसरी मॅच. लिहावं की नाही या विचारात दोन कप झाले.
पुन्हा शिडी. या वेळी मी आधी मार खायचं ठरवलं होतं, स्वतःच्याच डोक्याने. खाल्ला. शिडीने खांद्यावरून आपटलं, मग दोरीत अडकवून छातीवर सपासप. पोटात हवा राहिली नाही. डोळ्यांपुढे सगळं पिवळं. मी पालथा पडलो, आणि पुढे जे झालं ते हाताने केलं, मी नाही. मी सरपटत निघालो. कोपऱ्याकडे. आमच्या कोपऱ्याकडे. शिडीने आमच्या जुन्या मॅचसारखंच पाय धरून मागे ओढलं, मी पुन्हा सरपटलो. पोचलो. आणि हात वर केला.
कोपऱ्यात खांब. खांबाला ती वीतभर दोरी, लोंबत होती. कुणी धरलेली नव्हती.
मी किती वेळ हात वर धरून होतो कुणास ठाऊक. आधी काही आवाज नाही. मग कुणीतरी हसलं. मग सगळेच.
रेफरीला मी सांगितलं की हात झटकत होतो, मुंग्या आल्या होत्या. तो बरं म्हणाला.

१३ मार्च
हिने विचारलं काल कशी झाली. मी म्हटलं, लोक फार हसले. तिने पुढे विचारलं नाही. ती तशी समजूतदार आहे, पण कधीकधी तिने विचारलं तर बरं होईल.

१६ मार्च
मालकांनी बोलावलं. मी कारणं तयार ठेवली होती, पण उलट त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. म्हणाले, ते कोपऱ्यात हात वर केलात ते एक नंबर. कुणाची आयडिया? मी म्हटलं, माझी. म्हणाले, तेच ठेवू. दर मॅचला करा. जोडीदार हरवलेला म्हातारा पहिलवान. सरपटत जायचं, हात वर करायचा, कुणीच नाही, लोक हसणार, मग चिडून उठायचं आणि जिंकायचं. तिसरी मॅच अशी करून दाखवा, पुढच्या सीझनला पहिलं पोस्टर तुमचं.
'म्हातारा' हा शब्द मला खटकला. बाकी भूमिकेत खोली आहे. हसवणं हे मारण्यापेक्षा अवघड.
ही म्हणाली, नका करू ते. मी म्हटलं, कला आहे. ती म्हणाली, कला असू दे, तुम्ही नका करू. आणि आत जाऊन भांडी आपटली.

१९ मार्च
बेडरूममध्ये सराव. पलंगाचा खांब धरून. सरपटत जायचं, हात वर, चेहरा बावळट. आरशात बघून करायचं तर सरपटताना आरसा दिसत नाही. चेहरा नैसर्गिक ठेवायचं ठरवलं.
पहिल्या पोस्टरवर फोटो कुठल्या बाजूने घ्यायचा हे पक्कं केलं. डावी बाजू.

२८ मार्च
तिसरी मॅच काल झाली.
हॉल भरलेला. मालक स्वतः मागे उभे. सगळं ठरल्याप्रमाणे. शिडीने मारलं, मी पडलो, सरपटलो, पाय ओढला, पुन्हा सरपटलो. दोन-तीन ठिकाणी हसू यायला सुरुवातही झाली होती. कोपऱ्यात पोचलो. हात वर केला.
आता चेहरा बावळट करायचा होता. आणि मग चिडून उठायचं. एवढंच.
मी वर बघितलं. खांब. दोरी. मला माहीत होतं की कुणी नाही. माहीत असूनच तर गेलो होतो. पण हात खाली घेता येईना. वाटलं, जरा थांबावं. आधीही उशीर व्हायचा. म्हणजे तेव्हा त्याला उशीर व्हायचा, मी वाट बघायचो. आता उलट झालेलं.
हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या की अगं बाई, याचा भाऊ कुठे गेला गं? सगळ्यांना ऐकू आलं.
शिडी कानाशी येऊन म्हणत होता, काका उठा, काका जिंकायचंय तुम्हाला. गुडघा उठेना. गुडघाच होता, दुसरं काही नाही. रेफरी शक्य तितका हळू मोजत होता. एका आकड्यावर थांबून त्याने बुटाची नाडी बांधली. तरी दहा झालेच. ठरलेली मॅच मी हरलो. आमच्या कंपनीत असं आजवर कुणी केलेलं नाही, असं मालक म्हणाले.
म्हणजे विक्रमच.

३१ मार्च
मालकांनी सध्या विश्रांती घ्यायला सांगितलंय. फोन करतो म्हणाले. जाताना जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, तो होता म्हणून तुम्ही शोभायचात. मी म्हटलं, हो, जोडी शोभायची. ते म्हणाले, हं.

९ एप्रिल
मालकांचा फोन नाही. आमच्या घरात रेंजचा प्रॉब्लेम आहे. फोन खिडकीत ठेवला. हिने तिच्या फोनवरून मला लावून बघितला, खणखणीत वाजला. तिने कट केला.
व्यायाम केला. आज खरंच केला. करायला दुसरं काही नव्हतं.

१७ एप्रिल
जॅकेट कपाटात वरती ठेवलं. तात्पुरतं. धूळ बसू नये म्हणून.
ठरवलं की उद्या धाकट्याच्या दुकानात चक्कर मारायची. त्याचं कसं चाललंय ते बघावं. धंद्यातलं काही कळत नसणार त्याला, दोन गोष्टी सांगाव्यात. थोरला म्हणून आपली जबाबदारी आहे.

१८ एप्रिल
गेलो होतो.
दुकान मोठं आहे. गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, नव्या कापडाचा वास. धाकट्या मानेला पट्टा लावून मधोमध स्टुलावर. मला बघून सबंध अंग वळवलं आणि म्हणाला, दादा! मेहुण्याशी ओळख करून दिली, हा माझा भाऊ. मी माझ्या सोलोबद्दल सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता. तिसरी मॅच आली तेव्हा म्हणाला, शिडीने सांगितलं मला. मग चहा मागवला, साखर किती ते विचारलं नाही, त्याला माहीत आहे.
मी धंद्यातल्या दोन गोष्टी सांगणार तेवढ्यात मेहुण्याने हाक मारली. डबल बेडची स्प्रिंगची गादी तिसऱ्या मजल्यावर पोचवायची होती आणि हमाल आलेला नव्हता. धाकट्या उठला. मेहुणा म्हणाला, अहो तुम्ही नको. धाकट्या म्हणाला, दादा आहे ना.
टेम्पोने दोन गल्ल्या पलीकडे गेलो. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद. मी वरची बाजू धरली. त्याने खालची. पहिला मजला व्यवस्थित. मी सूचना देत होतो: डावीकडे घे, कठड्याला लागतंय, जरा उभी कर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गादी थांबली. मी म्हटलं, ढकल. थांबलेलीच. मी पुन्हा म्हटलं, अरे ढकल ना.
वाकून बघितलं. गादीचं सगळं वजन त्याच्या डोक्यावर आणि एका खांद्यावर आलं होतं. एक हात भिंतीला लावलेला. पट्टा वर सरकून हनुवटीत रुतलेला. तोंडाने श्वास घेत होता, आणि मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, येतोय दादा, एक मिनिट.
मी गादी कठड्यावर टेकवली आणि खाली उतरलो. म्हटलं, तू वर जा. तो म्हणाला, नको, तुमचा गुडघा. मी म्हटलं, गुडघ्याला काय धाड भरलीय? जा वर. त्या जिन्यात दोन माणसं शेजारी मावत नाहीत. तो भिंतीला पाठ लावून माझ्या बाजूने वर सरकला, आणि जाता जाता त्याने हात पुढे केला. सवय. मी हात लावला.
मग गादी खांद्यावर घेतली. एक पायरी, मग दुसरी. वरून तो सांगत होता, दादा, सावकाश, डावीकडे जागा आहे. डोळ्यांपुढे पिवळं आलं. मध्ये एकदा वाटलं की सोडावी, पण सोडायची कुणाच्या भरवशावर? खाली आणखी कुणी नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावर बाईंनी दार उघडलं. पाणी दिलं. म्हणाल्या, तुम्ही भाऊ ना? धाकट्या म्हणाला, हो, हा थोरला. मला बोलता येत नव्हतं, दम लागला होता.
मेहुणा म्हणतो उद्यापासून येत चला. मी म्हटलं, मालकांचा फोन येईपर्यंत बघू. उद्या दोन गाद्या आहेत, एक चौथ्या मजल्याची.
रात्रीचं जेवण झालं. खांदा उचलत नाही, हिने शेकायला पिशवी दिलीय. खालची बाजू एवढी जड असते, हे सोळा वर्षांत त्याने एकदा तरी बोलायला नको?